आधी सगळं बाहेर

पोरांनो, मटणवाल्याकडचा गुर्दा, म्हणजे बोकडाचं मूत्रपिंड, कधी उभा चिरून पाहिलाय? आजीने तव्यावर टाकायच्या आधी एकदा नीट बघा. कडेचा पट्टा गडद आणि रवाळ, आतला भाग फिका, रेघारेघांचा. मोठ्या माणसाच्या पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आड, असलेच दोन असतात. प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅमचे.

तो रवा कसला, हे इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी नावाच्या डॉक्टरने १६६६च्या सुमारास दाखवलं. त्याने रक्तवाहिनीत काळा रंग सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर वाहिनीच्या फांद्यांना इवले इवले गोळे लगडलेले! परळच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो तेव्हा तेच गोळे मी रोज बघायचो. मूत्रपिंडाचा तुकडा मेणात बसवायचा आणि पाच मायक्रॉनचा काप काढायचा. एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले, तर त्यातला एक. मग दोन रंग चढवायचे. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचं सगळं गुलाबी.

काचेखाली दिसतो तो गोळा म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता, जेमतेम एक पंचमांश मिलिमीटर रुंद. त्याच्याभोवती दुहेरी भिंतीची वाटी. तिथूनच पुढे नळी निघते, हे लंडनच्या विल्यम बोमनने १८४२ साली सिद्ध केलं. गोळा आणि त्याची नळी मिळून झाला एक नेफ्रॉन. एका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख.

"आबा, म्हणजे गाळणीच ना?"

गाळणी खरीच, पण ती निम्मी गोष्ट झाली. केशवाहिनीच्या भिंतीला भोकं, तिच्या बाहेर एक पातळ पटल आणि त्यावर पाय रोवून बसलेल्या पेशी. या पेशींची बोटं एकमेकींत गुंतलेली असतात आणि त्यांच्यामधली फट इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं इथे अडतात. पाणी, मीठ, साखर, युरिया, सगळं पलीकडे जातं. दिवसाला किती? १८० लिटर!

"एवढी शू कुठे होते, आबा?"

बरोबर पकडलंस. होते दीडेक लिटर. बाकीचं परत आत येतं. दिवाळीच्या आधी आपण दहा बाय दहाची खोली कशी साफ करतो? कोपऱ्याकोपऱ्यातला कचरा शोधत बसत नाही. ट्रंका, भांडी, गाद्या, सगळंच गॅलरीत काढतो आणि हवं तेवढंच आत घेतो. मूत्रपिंड हेच करतं. तुमच्या आईबाबांच्या रक्तात पेशी सोडून जो पातळ द्रव उरतो तो तीनेक लिटर. म्हणजे ही साफसफाई रोज साठ वेळा!

एवढा खटाटोप कशाला? गंमत इथेच आहे. जगात विषारी पदार्थ अगणित, माणसाने काल बनवलेलं औषधही त्यात आलं. प्रत्येकाला ओळखून पकडायचं म्हटलं तर कसं जमणार? त्यापेक्षा आधी सगळं बाहेर आणि ओळखीचं तेवढं परत. अनोळखी पाहुणा बहुतेक वेळा आपोआप वाटेला लागतो. पेनिसिलिनसारख्या काहींना तर नळीच्या पेशी स्वतः बाहेर ढकलतात.

परत घेण्याचं हे काम जबर कष्टाचं. गोळ्याच्या लगेच पुढची नळी काचेखाली गडद गुलाबी दिसते, कारण तिच्या पेशी ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या असतात. आतल्या बाजूला दाट लव. दोन तृतीयांश पाणी-मीठ आणि जवळजवळ सगळी साखर ती इथेच ओढून घेते. मग नळी खोल बुडी मारून वर येते. तो वळसा जर्मनीच्या याकोब हेन्लेने १८६२ साली दाखवला. गुर्द्यातल्या रेघा त्याच्याच. शेवटच्या नळ्यांत पाणी किती राखायचं हे मेंदूकडून आलेलं संप्रेरक ठरवतं, म्हणून मे महिन्यात घाम गाळून आलात की शू पिवळीधमक.

पुढची वाट मूत्रवाहिनीची. तिचे स्नायू लाटेसारखे आवळत थेंब पुढे ढकलतात, शीर्षासन केलं तरी. मूत्राशयाचं अस्तर तर भारीच. रिकामं असताना पाच-सहा थरांच्या फुगीर पेशी, भरलं की त्याच पसरून दोन-तीन थरांच्या चपट्या. सगळ्यात वरच्या छत्री-पेशी ताणासाठी जादा पडदा आत घडी घालून ठेवतात आणि एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की टाकलेला माल परत रक्तात झिरपत नाही.

आता पावसाळ्याचं ऐका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे, रुग्ण वाढले. लेप्टोचा जंतू पिळवटलेल्या तारेसारखा. त्याचं बिऱ्हाड उंदराच्या मूत्रपिंडातल्या याच नळ्यांत. उंदराला काही होत नाही, त्याच्या मुतातून जंतू रस्त्यावर येतात. आपल्या हिंदमाता चौकात पाणी तुंबलं की तुमच्या पायाच्या जखमेतून आत शिरतात आणि तुमच्याही नळ्यांपर्यंत पोचतात. तिथे मात्र सूज येते, पेशी झडतात, प्रसंगी शू बंद होते.

तरी धीर धरायला जागा आहे. नळीच्या पेशी झडल्या तरी खालचं पटल शाबूत असेल तर नव्या उगवतात, तोवर डायलिसिसवर निभावतं. गोळे मात्र जन्माआधी बनतात तेवढेच, गेलेला परत येत नाही. सगळेच गेले तर दुसऱ्याचं मूत्रपिंड लागतं. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने १९६५ साली देशातला पहिला तसा प्रयत्न केला. रुग्ण वाचला नाही. यश आलं १९७१ साली, वेल्लोरला.

तेव्हा साचलेल्या पाण्यातून आलात आणि पायाला खरचटलेलं असेल, तर आई ओरडेल म्हणून लपवू नका. तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे गेलं तर साध्या गोळीवर काम भागू शकतं. घरात सांगायचं धाडस होत नसेल, तर मला सांगा. मी येतो बरोबर.