हाड जुळते कसे, अडते कुठे

कातडी खोल कापली की वण राहतो. हृदयाच्या स्नायूचा तुकडा मेला की त्या जागी स्नायू येत नाही, निबर तंतू येतात. हाडाचे तसे नाही. मोडलेल्या जागी पुन्हा हाडच तयार होते. मूल लहान असेल तर काही वर्षांनंतरच्या एक्स-रेवरून ते नेमके कुठे मोडले होते, हे अस्थिरोगतज्ज्ञालाही अनेकदा ओळखता येत नाही. ही दुरुस्ती होते कशी आणि काही जणांत ती मध्येच का थांबते, या प्रश्नामागे पीएच.डी.नंतरची उमेदीची वर्षे लावणारे तरुण संशोधक, म्हणजे पोस्टडॉक, जगात अनेक ठिकाणी आहेत. त्यांच्या कामाशी नागपूरचा संबंध वाटतो त्याहून फार जवळचा आहे. गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे मोडलेले हातपाय इथल्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत येतात, आणि या संशोधकांना पडणारे काही सर्वांत अवघड प्रश्न त्याच खाटांवर असतात.

हाड मोडले की आधी रक्तस्राव होतो, टोकांभोवती रक्ताची गाठ धरते आणि भाग सुजतो. ही सूज रुग्णाला नकोशी वाटते, पण जुळण्याची सुरुवात तिच्यातूनच होते. टीएनएफ-अल्फा या दाहकारक प्रथिनाचा संदेश ज्यांच्या पेशींना मिळत नाही अशा उंदरांमध्ये हाड जुळायला उशीर लागतो, हे 2003 मध्ये दाखवले गेले. त्याच्या आदल्या वर्षी कॉक्स-2 या विकराबद्दल तसेच दिसले होते. आपण घेतो त्यातल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या हेच विकर रोखतात. माणसांवरच्या अभ्यासांचे याबाबत अजून एकमत नाही, त्यामुळे फ्रॅक्चरनंतर अशा गोळ्या मनाने न घेता डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच आणि तितकेच दिवस घ्याव्यात.

पुढचा टप्पा मला या साऱ्यात सर्वांत देखणा वाटतो आणि तो पाहायचा तर सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा. प्रयोगातल्या उंदराचे जुळत आलेले हाड काढून आधी त्यातले कॅल्शियम उतरवावे लागते, नाहीतर पाते चालत नाही. त्यासाठी ते ईडीटीएच्या द्रावणात काही आठवडे पडून राहते आणि द्रावण पुन्हा पुन्हा बदलावे लागते. मग मेणाच्या ठोकळ्यात बसवून मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप घ्यायचे आणि ते सॅफ्रॅनिन व फास्ट ग्रीन या रंगांत बुडवायचे. काचपट्टीवर मोडलेल्या जागेभोवती फुगवटा दिसतो. त्याच्या मधोमध नारिंगी-लाल रंगाची कूर्चा असते आणि कडेला, जिथे हाडावरचे आवरण शाबूत असते तिथे, हिरवे नवे हाड. दोहोंच्या सीमेवर कूर्चेच्या पेशी टम्म फुगलेल्या असतात आणि त्यांच्यामधून रक्तवाहिन्यांची बारीक टोके आत शिरलेली असतात. आठवड्याच्या अंतराने घेतलेल्या पट्ट्या ओळीने लावल्या की लाल आकसत आणि हिरवे पसरत गेलेले दिसते.

ही कूर्चा म्हणजे स्लॅबखालचे सेंटरिंग, असे बरीच वर्षे मानले जाई. हाड भरून आले की ती काढून टाकली जाते, पेशी मरतात आणि बाहेरून आलेल्या नव्या पेशी हाड रचतात, असा समज होता. 2014 च्या सुमारास पेशींचा वंश शोधण्याच्या तंत्राने त्याला मोठा धक्का दिला. कूर्चेतल्या काही पेशी मरत नाहीत, त्याच रूप पालटून हाड घडवणाऱ्या पेशी होतात. पाठ्यपुस्तकातले एक पान त्यामुळे बदलावे लागले, आणि हा बदल घडवणाऱ्या कामात काप घेत बसलेल्या पोस्टडॉक मंडळींचा वाटा मोठा होता.

आधी कूर्चा आणि मग हाड, असा वळसा शरीर का घेते? स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक स्टेफान पेरेन यांनी 1970 च्या दशकात याचे साधे गणित मांडले. फटीतल्या कोवळ्या ऊतीला तिच्या लांबीइतका ताण सोसतो, कूर्चेला सुमारे दहा टक्के, हाडाला जेमतेम दोन. म्हणजे हलत्या फटीत हाड तगूच शकत नाही. आधी मऊ ऊतीने हालचाल थोडी कमी करायची, मग कूर्चेने आणखी कमी करायची, आणि मगच हाड धरते. प्लास्टर, रॉड, प्लेट यांचा उद्देशही हालचाल हाडाला सोसेल इतकी ठेवणे हाच. सायबेरियातल्या कुर्गान इथे गावरिल इलिझारोव यांनी तर दाखवले की कापलेल्या हाडाची टोके रोज एक मिलिमीटर, तीही चार हप्त्यांत, दूर नेली तर मधल्या जागेत नवे हाड भरत जाते. हातापायाभोवती धातूच्या रिंगा बसवून करायची ही पद्धत भारतात रुजवण्यात मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचा वाटा मोठा आहे.

तरीही काही हाडे जुळत नाहीत. जुन्या पुस्तकांत याचे प्रमाण शंभरात पाच ते दहा असे दिलेले असते. स्कॉटलंडच्या मोठ्या लोकसंख्येचा हिशेब 2017 मध्ये आला, तेव्हा ते दोनच्या आसपास निघाले. पण जखम उघडी असली, नडगीचे हाड असले, जंतुसंसर्ग झाला की ते बरेच वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची व्याख्या अशी, की नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती नाही, तर हाड जुळले नाही असे धरावे. रोजंदारीवरच्या माणसाला नऊ महिने म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. नागपूरचे डॉ. सुधीर बाभुळकर आणि सहकाऱ्यांनी लांब हाडांच्या न जुळलेल्या मधल्या भागावरचा आपला अनुभव 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला होता.

त्यांच्याच गटाचा 1995 चा एक निबंध सिकलसेलच्या बालकांमध्ये हातापायाची बोटे सुजतात त्याबद्दलचा आहे. विदर्भाचा खास प्रश्न इथून सुरू होतो. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोल भाग रक्ताविना मरतो आणि ऐन तारुण्यात माणूस लंगडू लागतो. आता काचपट्टीवरची ती लाल-हिरवी सीमा आठवा. तिथे रक्तवाहिनी पोहोचली नाही तर कूर्चेचे हाड होत नाही. मग सिकलसेलच्या रुग्णाची नडगी मोडली तर दुरुस्ती नेमकी कोणत्या टप्प्यावर रेंगाळते? तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दलही असाच प्रश्न आहे. बिडी-सिगारेटमुळे हाड उशिरा जुळते, यावर भरपूर अभ्यास झाला आहे. चघळण्याच्या तंबाखूवर त्या मानाने फार थोडा झाला आहे, आणि आपल्याकडे खर्रा तर पानठेल्यागणिक घोटला जातो. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न बोस्टन किंवा बर्लिनमध्ये नव्हे, नागपुरातच सोडवले गेले पाहिजेत.

हे काम करायचे कोणी? पोस्टडॉकने. आणि त्याच्या हाताशी वेळ किती? आपल्याकडची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची. केंद्राच्या प्रकल्पांतल्या रिसर्च असोसिएटला 2023 पासून सुरुवातीला महिना 58 हजार रुपये आणि घरभाडे भत्ता, पण नेमणूक प्रकल्प असेपर्यंतच. प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी नैतिकता समितीची परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. मग भूल देऊन उंदराच्या मांडीच्या हाडात आधी बारीक सळई घालायची, बोथट पात्यावर वजन सोडून सर्वांचे हाड एकाच जागी मोडायचे, वेदनाशामक देऊन त्यांची देखभाल करायची. ही पद्धत बॉनारेन्स आणि आइनहॉर्न यांनी 1984 मध्ये बसवली. जुळायला पाच-सहा आठवडे, कॅल्शियम उतरवायला आणखी काही, मग काप, मोजमाप, आणि निष्कर्ष पक्का करायला सगळे पुन्हा पहिल्यापासून. यात दोन वर्षे सहज सरतात आणि निबंध लिहायच्या दिवसांत पुढच्या नोकरीचे अर्ज भरावे लागतात.

हाडाच्या विज्ञानाला घाई मानवत नाही. मार्शल युरिस्ट यांनी कॅल्शियम काढलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले आणि तिथे नवे हाड उगवले, ही नोंद 1965 ची. त्यामागच्या प्रथिनाला नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली 2004 मध्ये. या मधल्या 39 वर्षांतले बरेच काम फेलोशिपवरच्या तरुणांनी पार पाडले.

नागपुरात सुरुवात करायला फार मोठी यंत्रसामग्रीही लागणार नाही. हाड जुळले नाही म्हणून दुसरी शस्त्रक्रिया होते, तेव्हा फटीत अडकलेली तंतुमय ऊती खरवडून काढली जाते आणि जंतुसंसर्गाची तपासणी झाली की उरलेली बहुधा टाकूनच दिली जाते. रुग्णाची लेखी संमती घेऊन ती जपायची, सोबत त्याचा सिकलसेलचा अहवाल, खर्ऱ्याची सवय आणि पहिल्या दिवसापासूनचे एक्स-रे जोडायचे. हे जमवणारा एक पोस्टडॉक अस्थिरोग विभागात पाच वर्षे सलग बसायला हवा.