पेशीच्या दप्तरातील दुरुस्ती

अंबडच्या तहसील कचेरीत सातबाऱ्यावरची चुकलेली नोंद सुधारावयाची तर अर्ज, जबाब, फेरफार हे सोपस्कार अटळ. परंतु याच तालुक्यातील मोसंबीच्या पानात आणि ती तोडणाऱ्या माणसाच्या देहात, डीएनएतील सायटोसीन पाण्याशी प्रक्रिया होऊन आपोआप युरॅसील बनते, तेव्हा दुरुस्ती विनाअर्ज होते. युरॅसील-डीएनए ग्लायकोसिलेज नामक विकर साखळीवरून सरकत तो विकृत घटक बाहेर वळवून आपल्या खोबणीत घेते, शर्करेशी असलेला त्याचा बंध तोडते; मग इतर विकरे त्या रिक्त स्थळी साखळी छेदून, समोरच्या ग्वानीनला अनुरूप सायटोसीन बसवून सांधा जुळवितात. हे न घडले, तर चूक पुढील नकलेत कायम होते. टोमास लिंडाल यांनी हे विकर १९७४ साली शोधले; डीएनए-दुरुस्तीवरील संशोधनाचे नोबेल पारितोषिक त्यांना २०१५ साली, दोघांसह विभागून मिळाले.