जांघेतली खाज आणि मेडिकलचं मलम

वस्तीत साखर-बीपी तपासायला आम्ही बसतो तेव्हा पुरुष मंडळी सगळ्यात शेवटी येतात. साखर हे निमित्त. "सिस्टर, तिथं खाज येते, तो रोग तर नाही ना?" एवढं विचारायला अर्धा तास जातो.

बहुतेकदा तो नायटा असतो. घाम, घट्ट जीन्स, न वाळलेली चड्डी. कडेला लाल, गोल चट्टा. त्यावर मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम महिनोन्‌महिने चोळलेलं असतं. त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, कातडी पातळ पडते. ट्यूब संपली की दुप्पट खाज. आम्ही आधी ती ट्यूबच मागून घेतो.

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या, पोरंही खाजवतात, तर ती खरूज. औषध सगळ्या घरानं एकाच रात्री लावायचं. लिंगाच्या टोकाची कातडी लाल होऊन चिरत असेल तर साखर खरोखरच तपासा.

लघवीतून पू, जांघेत गाठ, किंवा न दुखणारा फोड दिसला तर मात्र थांबू नका. तो फोड सिफिलिसचा असू शकतो. आपोआप भरतो, रोग आत राहतो. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये औषध मोफत मिळतं. एचआयव्हीची तपासणीही मोफत, नाव गुप्त. फोनवर विचारायचं तर १०९७.

"पण बायकोला काय सांगू?" इथं अनेकजण अडतात. तिनं औषध घेतलं नाही तर दादा, आजार तिच्यातही राहतो, तुम्हालाही पुन्हा होतो. सांगायला जड जात असेल तर तिला घेऊन या, आम्ही सोबत बसतो.