वणव्याचा धूर आणि ओझोनचे छत्र

३१ डिसेंबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मॅलाकूटा या समुद्रकाठच्या लहानशा गावात सकाळ उजाडली ती अंधारातच. गावाला वणव्याने वेढले होते, धुराने सूर्य झाकला होता आणि हजारो माणसे जीव वाचविण्यासाठी किनाऱ्यावर जमली होती. पुढे नौदलाने त्यांतील हजाराहून अधिक जणांना समुद्रमार्गे सुरक्षित स्थळी नेले. ‘ब्लॅक समर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या उन्हाळ्यात वणव्यांनी ३३ माणसांचा बळी घेतला. सुमारे तीनशे कोटी मुक्या जीवांना मरण वा विस्थापन पत्करावे लागले, असा अंदाज आहे. पाऊस आला, आग विझली. परंतु तिच्या धुराचा एक हिशेब फार उंचावर उघडाच राहिला.

सामान्य वणव्याचा धूर फार वर चढत नाही. काही दिवसांत तो पावसाबरोबर खाली येतो. हे वणवे मात्र इतके प्रखर होते, की त्यांच्या उष्णतेतूनच गडगडाटी अग्निमेघ निर्माण झाले. या मेघांनी सुमारे दहा लाख टनांपर्यंत धूर थेट स्थितांबरात, म्हणजे पाऊस आणि ढगांच्या पलीकडील थरात, लोटला. तेथे धूर धुऊन काढणारा पाऊस नाही. धुरातील काजळी सूर्याची उष्णता शोषून घेते, भोवतालची हवा तापते आणि धूर आणखी वर चढतो. सुमारे हजार किलोमीटर व्यासाचा धुराचा एक भोवरा अशा रीतीने ३५ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचल्याची नोंद उपग्रहांनी केली.

याच स्थितांबरात ओझोनचा थर आहे. सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून तो पृथ्वीवरील जीवसृष्टीचे रक्षण करतो. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे आणि फवारे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू या थराचा नाश करू शकतात, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन छिद्र उघडकीस आणले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला आणि यथावकाश जगातील सर्व राष्ट्रांनी तो स्वीकारला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. या वायूंचे उत्पादन जवळजवळ थांबले. तथापि ते अनेक दशके टिकणारे असल्याने त्यांच्यातून सुटलेला क्लोरीन आजही आकाशात शिल्लक आहे.

हा क्लोरीन सदासर्वकाळ उपद्रव करीत नाही. त्याचा मोठा भाग हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या तुलनेने निरुपद्रवी संयुगांत बद्ध असतो. व्यापाऱ्यांच्या भाषेत, ही जणू मुदत ठेव होय: रक्कम खात्यात आहे, पण चलनात नाही. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात तापमान सुमारे उणे ७८ अंशांखाली गेले, की विशिष्ट ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर ही संयुगे एकमेकांशी अभिक्रिया करतात, ठेव मोडते आणि वसंतात सूर्य उगवताच मोकळा झालेला क्लोरीन ओझोनवर तुटून पडतो. एक क्लोरीन अणू हजारो ओझोन रेणू नष्ट करू शकतो. म्हणूनच एरवी हे छिद्र ध्रुवापाशी पडते. वस्तीच्या प्रदेशांवरील हवा त्यासाठी पुरेशी थंड नसते.

धुराने नेमका हाच नियम मोडला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील शास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांनी १९८६ मध्ये अंटार्क्टिकावरील मोहिमेचे नेतृत्व करून छिद्राचे कारण उलगडण्यात मोठा वाटा उचलला होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये या धुराविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. वणव्याच्या धुरातील सेंद्रिय कणांत हायड्रोजन क्लोराइड तुलनेने उबदार हवेतही विरघळतो आणि बद्ध क्लोरीन मोकळा होण्याची वाट उघडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या धुरामुळे २०२० मध्ये दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवरील ओझोन ३ ते ५ टक्क्यांनी घटला असावा आणि अंटार्क्टिकावरील छिद्र सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरने रुंदावले असावे, असे त्यांचे गणित सांगते.

ही घट तात्पुरती होती. तरीही तिचा इशारा गंभीर आहे. मॉन्ट्रियल करार असाच पाळला गेला, तर जगाच्या बहुतेक भागांवरील ओझोन २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरील २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. हवामान तापत असताना असे महावणवे वारंवार पेटू लागले, तर भरून येणारी ही जखम पुनःपुन्हा उकरली जाईल आणि बरे होण्याचा काळ लांबेल.

जुने कर्ज फेडण्याची शिस्त जगाने मॉन्ट्रियलमध्ये दाखविली. ते कर्ज फिटेपर्यंत नवी आग लागू न देणे, म्हणजेच हवामान तापविणारा कर्बवायू आवरणे, हे त्याच शिस्तीचे पुढचे पाऊल आहे. आकाशातील क्लोरीनची शिल्लक हळूहळू उतरत आहे. पुढच्या पिढीच्या हाती ही वही स्वच्छ जावी, यासाठी तेवढा अवधी त्या थराला मिळाला पाहिजे.