पाककृतींच्या पुस्तकांतली माणसं

पाककृतींची पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती वाचत बसणारे वाचक मराठीत पुष्कळ आहेत. मीही त्यांतलीच. त्यातला एकही पदार्थ त्या दिवशी करायचा नसतो, तरी पुस्तक हातातून सुटत नाही. ‘खमंग परतून घ्यावे’, ‘तार आली की उतरवावे’ अशी आज्ञार्थी वाक्यं लिहिणाऱ्याच्या समोर कोणीतरी बसलेलं असतं. ते कोण, त्याच्या घरात काय आहे नि काय नाही, त्याला काय येतं असं धरलं आहे, हे ओळखत जाणं हा या वाचनातला मोठा आनंद. पुस्तकं जमवून शेजारी शेजारी ठेवली की ही माणसं स्पष्ट दिसू लागतात.

सर्वांत मागे राजा बसला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, पुरणपोळीच्या जवळ जाणारी वेष्टिका आहे आणि शेतातले उंदीर भाजून खाण्याची कृतीही आहे. पुढे शतकानुशतकं शिष्ट लेखनातून गाळल्या गेलेल्या गोष्टी तिथे संकोचाशिवाय येतात. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात अशीही नोंद आहे. राजाच्या पानात काय वाढलं हे सांगणाऱ्या पुस्तकाला धान्य कांडणाऱ्या बायकांचा आवाज ऐकू आला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सतराव्या शतकातलं रघुनाथ नवहस्त यांचं ‘भोजनकुतूहल’ संस्कृतात असलं, तरी मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचं आहे. त्याचं नातं तंजावरच्या मराठी राजघराण्याशी आहे. पदार्थ कसा करायचा याच्याबरोबर तो कोणाला मानवतो, हेही ते सांगतं. जिलबीचा इतिहास शोधताना भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे या ग्रंथापर्यंत गेले होते. रोजच्या खाण्याचा इतिहासही पोथ्यांतून नीट लावता येतो, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिलं.

छापखाना आला आणि समोर बसलेला माणूस बदलला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 सालचं. ही जुनी पुस्तकं वाचताना आधी शेर, पावशेर, तोळ्यांशी ओळख करून घ्यावी लागते. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या किंचित वर. ऐंशी तोळ्यांचा शेर किलोला थोडा कमी भरतो. पण शेर गावोगाव वेगळा असे. त्यामुळे पुस्तक कुठलं आहे, हे कळल्याशिवाय पदार्थही नीट कळत नाही. दशमान मापांचा कायदा झाला तो 1956 साली.

1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. आता लिहिणारी बाई होती आणि वाचणारीही. लक्ष्मीबाई मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या, म्हणजे मासळी-मटण प्रेमाने रांधणाऱ्या घरातल्या. बाई वाचेल आणि वाचून करील, असा विश्वास त्या पुस्तकाच्या नावातच आहे. बायकांचं शिक्षण अजून वादाचा विषय होता, त्या काळात हा विश्वास लहान नव्हता.

‘रसचंद्रिका’ची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 1943 साली काढलेलं हे पुस्तक एकटीचं नाही, साऱ्या समाजाचं आहे. घश्शी, पत्रोडे, सुक्के असे पदार्थ कारवारच्या बाजूच्या घरांतून मुंबईच्या बिऱ्हाडांत आले होते. पुढच्या पिढीच्या हातून ते निसटू नयेत, ही ओढ मला त्यात पानोपानी जाणवते. सणावारांची नि घरगुती औषधांची माहितीही त्यात आहे, कारण घर चालवणं म्हणजे हे सगळंच.

मग 1970 साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. कमलाबाईंचं शालेय शिक्षण चौथीपर्यंतचं. पण शिकवण्याची त्यांची हातोटी अशी, की त्यांना लाखभर सुनांची सासू म्हटलं गेलं. त्यांनी माप धरलं ते वाटीचं नि चमच्याचं. नोकरीच्या गावी दोन खोल्यांत नवा संसार मांडलेल्या मुलीकडे तराजू नसतो आणि विचारायला जवळ कोणी मोठं नसतं. वाटी मात्र असते. पुस्तक लिहिताना ही मुलगी कमलाबाईंनी नीट पाहिली होती. मंगला बर्वे यांची ‘अन्नपूर्णा’ही अशीच घराघरांतल्या फळीवर जाऊन बसली. दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ वाचताना कळतं, की लोकसंस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या विदुषीला चूलही तितकीच मोलाची वाटत होती.

एवढी पुस्तकं वाचल्यावर, यांत कोण नाही, हा प्रश्न पडायलाच हवा. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने तो 2015 साली थेट विचारला. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं अन्न, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, तेलातुपाशिवाय केलेलं कोरड्यास, हे सगळं त्यांनी कृतींसह लिहिलं. हे अन्न पिढ्यान्‌पिढ्या शिजत होतं. छापील पुस्तकांनी त्याला जागा दिली नव्हती. ते वाचल्यावर आधीची सारी पुस्तकं मला पुन्हा वाचावीशी वाटली. तूप, नारळ, केशर असे शब्द आता नुसते जिन्नस राहिले नाहीत. ते कोणाच्या घरात होते, हेही दिसू लागलं.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नि रद्दीत ही पुस्तकं अजून सापडतात. तेलाचे डाग पडलेली, समासात ‘गूळ कमी’, ‘मुलांना आवडलं’ असं पेन्सिलीने लिहिलेली प्रत मिळाली, तर कोऱ्या प्रतीपेक्षा ती घ्यावी. छापलेल्या कृतीचं घरात काय झालं, याचा तेवढाच लेखी पुरावा उरतो. जुन्या वह्यांचंही तेच. ग्रंथालयांनी ही पुस्तकं ‘गृहोपयोगी’ म्हणून बाद करू नयेत. कथा-कादंबऱ्यांइतक्याच काळजीने ती जपावीत. आणि आगरी, कोळी, धनगर, वारली अशा ज्या घरांतलं रांधणं अजून बहुतांशी तोंडीच चालतं, तिथल्या मुलामुलींनी ते मापांसह, त्यांच्याच बोलीतल्या नावांसह लिहून काढावं. त्या पुस्तकांसाठी माझ्या कपाटात मी आत्ताच एक फळी मोकळी केली आहे.