बदकांच्या रात्रीची राखण

तिन्हीसांज झाली की कोंबड्या आपणहून खुराड्याकडे वळतात. बदकांचे तसे नाही. अंधार पडला तरी ती चिखलात चोची खुपसून किडे, गोगलगायी शोधत राहतात आणि कोणी हाकून आणले नाही, तर तिथेच काठावर रात्र काढतात. म्हणून कोकणात ज्यांच्या परसात माडा-पोफळीखाली पाच-सहा बदके फिरतात, त्यांना एक काम टाळता येत नाही. दिवेलागणीआधी बदके हाकायची, मोजायची आणि आत घेऊन कडी लावायची.

बाहेर राहिलेली कोंबडी निदान एखाद्या फांदीवर चढून बसते. बदकाच्या पडदेदार पायांना फांदीची पकड येत नाही. त्याला मस्कोव्ही जातीचा अपवाद आहे, पण खाकी कॅम्पबेल किंवा पांढरी पेकिन ही बदके जमिनीवरच झोपतात. अंगाने जड झाल्यामुळे जिवावर बेतले तरी त्यांना धड उडताही येत नाही.

त्यांची झोप मात्र सावध असते. अमेरिकेतील इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मॅलार्ड बदकांना चार-चारच्या ओळीत झोपवून त्यांचे निरीक्षण केले. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की ओळीच्या दोन्ही टोकांच्या बदकांमध्ये एक डोळा उघडा ठेवून झोपण्याचे प्रमाण जास्त होते. हा उघडा डोळा बहुतेकदा बाहेरच्या बाजूचा असे आणि त्या वेळी अर्धा मेंदू जागा राही. मस्कोव्ही सोडली तर आपली सगळी पाळीव बदके या मॅलार्डचीच वंशज आहेत. पण पळायला जागाच नसेल, तर हा जागा डोळा त्यांना वाचवू शकत नाही.

कोकणात बदकांच्या मागावर येणारे पाहुणे अनेक आणि प्रत्येकाची वाट वेगळी. उदमांजर झाडावरून छपरावर उतरते. कोल्हा आणि भटकी कुत्री खालून उकरतात. रानमांजर रुंद भोकाच्या जाळीतून पंजा घालून कडेला झोपलेले बदक ओढते. घूस बिळातून येऊन पिल्ले पळवते आणि तिने केलेले बीळ पुढे सापांच्या उपयोगी पडते. सापाने पिल्लू गिळले, तर पिसे किंवा रक्त काहीच मागे उरत नाही, मोजणीत एक कमी भरते एवढेच. कोंडलेल्या जागेत शिरलेला शिकारी पोट भरले तरी थांबेलच असे नाही. एका रात्रीत सगळा थवा गारद होतो तो यामुळेच.

त्यामुळे खुराडे बांधताना सगळी कसोटी फटींची. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी पक्ष्यांना आत ठेवते, पण कुत्र्याच्या दातांपुढे टिकत नाही. त्याऐवजी अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डेड जाळी घ्यावी, तिच्यातून मुंगूस किंवा घूस येत नाही. जमिनीपासून दोन फूट भिंत भरीव ठेवावी. जिथे जांभा मिळतो तिथे ती चिऱ्यांची बांधावी. तळाला कोबा करावा. तो परवडत नसेल, तर जाळी फूटभर खोल पुरावी किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून मातीखाली दाबावी. उकरणारे जनावर भिंतीला लागूनच माती काढते आणि तिथे त्याचे पंजे जाळीवर अडतात. छप्पर कौलारू असेल, तर कौलांखालीही जाळी ठोकावी. दाराच्या उंबऱ्याशी दोन बोटे सरकत असतील, तर तेवढी फट सापाला भरपूर झाली. नुसत्या आकड्यावर विसंबू नये, धक्क्याने न उघडणारी खिट्टी बसवावी.

सुरक्षेच्या नावाखाली खुराडे डबाबंद करणे मात्र घातक. बदकांच्या श्वासात आणि विष्ठेत ओल फार असते आणि ती कोंडली की अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. म्हणून वरच्या बाजूला जाळीच्या खिडक्या हव्यात, दर बदकामागे तीन-चार चौरस फूट जागा हवी आणि खाली भाताचा कोरडा पेंढा किंवा तूस हवे. बुरशी आलेला पेंढा आणि खाद्य दोन्ही टाळावे, कारण बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना फार लवकर बाधते. मोठ्या बदकांचे खाद्य-पाणी रात्री बाहेर काढलेले बरे. खाद्याच्या वासावर उंदीर-घुशी येतात आणि सांडलेल्या पाण्याने अंथरूण भिजते. पिल्लांना मात्र पाणी लागतेच आणि खाद्याशेजारी पाणी नसेल, तर बदकाच्या घशात घास अडकतो.

काळोखात खुट्ट झाले तरी बदके बिथरून एकमेकांवर धावतात. त्यांचे पाय नाजूक असल्याने अशा चेंगराचेंगरीत ती लंगडी होतात. आत एक मंद दिवा ठेवला, की गोंधळ बराच कमी होतो. बाहेर लावलेल्या झगमगाटाला मात्र जनावरे काही दिवसांत सरावतात.

सकाळी दार उघडण्याची घाई करू नये. बदके बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत घालतात. पहाटेच सोडली, तर अंडी गवतात किंवा पाण्यात पडतात आणि दिवसा फिरणाऱ्या मुंगसाचे फावते. नऊपर्यंत थांबल्यास सगळी अंडी पेंढ्यातच गोळा करता येतात. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ शकणाऱ्या खाकी कॅम्पबेलच्या बाबतीत या दोन-तीन तासांतच खुराड्याचा खर्च वसूल होऊ लागतो.

एवढे करूनही कधी सकाळी पेंढ्यात पोट फुगलेला अजगर दिसतो. ज्या फटीतून तो आत आला, तिच्यातून भरल्या पोटी त्याला परतता येत नाही. अशा वेळी काठी उचलू नये. अजगर, घोरपड, मुंगूस, कोल्हा, रानमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. विषारी आमिष टाकले तर गुन्हा होतोच, शिवाय ते शेजारच्या कुत्र्या-मांजरांच्याही पोटात जाते. उरलेली बदके सुरक्षितपणे हलवता येत असतील तर हलवावीत, दार लावून घ्यावे आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. अजगर नेल्यावर तो शिरला ती फट शोधून त्याच दिवशी बुजवावी.