पू नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

यवतमाळच्या शेतशिवारात पऱ्हाटीचं धसकट पायात रुतणं नेहमीचंच. जखमेत पू झाला की लोक दवाखाना गाठतात, नाही झाला तर हळद भरून कामाला लागतात. पण केमोथेरपी सुरू असलेल्या माणसाला हा ठोकताळा लावणं घातक आहे. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते, कधी रक्ताच्या मायक्रोलिटरमागे ५००च्याही खाली. मग पू होणार कशाचा? त्वचेवर नुसती लाली दिसते आणि आत जिवाणू स्नायूंवरच्या आवरणातून पसरत, तिथलं मांस मारत जाऊ शकतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तर क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा जिवाणू बाहेरच्या जखमेविनाही, आतड्यातून रक्तात शिरून गॅस गँगरीन, म्हणजे स्नायू मारणारा संसर्ग, घडवू शकतो.

इतक्या दुर्मिळ आजाराची भीती कशाला, असं कोणी म्हणेल. दुर्मिळ आहे हे खरंच, पण इथे काही तासांच्या उशिरानेही जीव जाऊ शकतो. अँटिबायोटिक पुरे नाही का? नाही. मेलेल्या भागात रक्तच फिरत नाही, तर औषध पोचणार कसं? तो भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो. म्हणून केमो चालू असताना जखमेच्या मानाने वेदना फार वाटल्या, लाली झपाट्याने पसरली, त्वचा जांभळी पडली किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर सकाळची वाट पाहू नका. केमोची फाइल घेऊन रात्रीच यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.